एका घरात दोन नियम

सहावी-सातवी-आठवीच्या पालकांनो, तुमच्या घरात मुलीला एक नियम आहे आणि मुलाला दुसरा. हे दोन्ही नियम चुकीचे आहेत.

मुलीला तुम्ही विचारता, ‘कुठं चाललीस? कशाला? कुणाबरोबर? किती वाजता येणार?’ तिनं चारही प्रश्नांची नीट उत्तरं दिली तरी शेवटी सांगता, ‘राहू दे, बाबा सोडतील.’ मुलगा चपला पायात सरकवतो, ‘आलोच गं’ म्हणतो आणि निघून जातो. तो कुठं गेला होता हे तो जेवायला परत आला की कळतं, आणि पुष्कळदा तेव्हाही कळत नाही. एकीवर पहारा, दुसऱ्याला मोकळं रान. पहाऱ्याला तुम्ही काळजी म्हणता आणि मोकळ्या रानाला विश्वास म्हणता. खरं तर दोन्हीकडे आई-बापाचं मुख्य काम तुम्ही टाळलेलं आहे. मुलांना आपल्या वस्तीत, आपल्या शहरात, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या अकलेनं वावरायला शिकवणं हे ते काम.

हे मी ऐकीव माहितीवर बोलत नाही. मी भूगोल शिकवते. नकाशाचा धडा घेताना मी मुलांना एक कोरा कागद देते आणि सांगते, मधोमध आपलं घर काढा. मोठं माणूस बरोबर नसताना तुम्ही जिथं जाता त्या जागा त्याभोवती काढा, आणि तिथं जायच्या वाटाही. मोठ्यांबरोबर जाता त्या जागा काढायच्या नाहीत.

आपल्या शाळेतली मुलं पुण्यातल्या सिंहगड रस्त्याच्या आजूबाजूची. माणिकबाग, आनंदनगर, हिंगणे, वडगाव. मुलग्यांचे कागद गच्च भरतात. कालव्याच्या कडेची वाट, विठ्ठलवाडीच्या देवळामागून नदीकडे जाणारा उतार, राजाराम पुलावरून पलीकडचं कर्वेनगर, पंक्चरवाला, वडापावची गाडी, कोणत्या गल्लीतलं कुत्रं अंगावर येतं, कोणत्या भिंतीवरून उडी मारली की मैदान जवळ पडतं. यातल्या कितीतरी जागा आईला माहीतच नाहीत, हेही ते फुशारकीनं सांगतात. मुलींचे कागद पाहा. घर, सोसायटीचं फाटक, खालचं किराणा दुकान, समोरच्या इमारतीतली मैत्रीण, क्लास. बऱ्याच जणींचा कागद तिथंच संपतो. मग हात वर होतो: ‘बाई, बाबांच्या स्कूटरवरून जाते ते काढलं तर चालेल?’ रोज ज्या रस्त्यानं शाळेत येतात त्याची वळणं या मुलींना सांगता येत नाहीत, कारण ती वळणं त्यांनी स्वतः कधी घेतलेली नाहीत. जगाच्या नकाशावर अॅमेझॉन नदीवर अचूक बोट ठेवणारी मुलगी घराजवळचा पीएमपी बसचा थांबा कुठं आहे हे सांगू शकत नाही. तिला दोष देऊ नका. तिचा कागद तुम्ही रिकामा ठेवलेला आहे.

आपल्याच भागात असं घडतं असंही समजू नका. रॉजर हार्ट या अभ्यासकानं 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका छोट्या गावात मुलांच्या फिरण्याचा बारकाईनं अभ्यास केला आणि 1979 साली त्यावर पुस्तक लिहिलं. तिथंही मुलगे मुलींपेक्षा बरेच लांबवर हिंडत होते. घालून दिलेली हद्द ते मोडत, आणि आया ते ठाऊक असून काणाडोळा करत. देश वेगळा, काळ वेगळा, घरातला हिशेब मात्र तोच.

आता हे नीट आठवा की फरक नेमका कधी सुरू होतो. तिसरी-चौथीपर्यंत दोघंही खालीच खेळत असतात. लगोरी, डबा ऐसपैस, पकडापकडी, सगळं एकत्र. पाचवी-सहावीत मुलीची पाळी सुरू होते, किंवा होईल अशी धास्ती घरात सुरू होते, आणि घरातली भाषा बदलते. ‘आता तू मोठा झालास’, ‘आता तू मोठी झालीस’ हे वाक्य मुलगा आणि मुलगी दोघंही ऐकतात. मुलाला ते सायकल देताना ऐकवलं जातं आणि मुलीला घरात बोलावताना. तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडते आणि नंतर कुणाच्या तरी भाच्याला दिली जाते. हे कुठं घडतं? पुण्यात. जे शहर सायकलींचं शहर म्हणून देशभर ओळखलं जायचं, जिथं आज सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी आज्या सायकल मारत शाळा-कॉलेजात गेल्या, त्याच शहरात त्यांच्या नातीला चौकापर्यंत एकटीला जायची परवानगी नाही.

त्याहून वाईट एक रिवाज तुम्ही सर्रास पाळता. बारा वर्षांच्या मुलीला क्लासला सोडायला नऊ वर्षांचा भाऊ पाठवता. त्या मुलानं बहिणीचं कोणत्या संकटातून रक्षण करायचं आहे? गाडी अंगावर आली तर तीच त्याला मागं ओढणार आहे. पण या सोबतीतून दोघंही एक धडा शिकतात. ती शिकते, माझ्या शहाणपणापेक्षा याचं मुलगा असणं मोठं आहे. तो शिकतो, मी हिचा राखणदार आहे. पुढं हाच मुलगा तिचा फोन तपासतो, तिच्या मैत्रिणी ठरवतो, तेव्हा तुम्ही चकित होता. चकित होऊ नका. नऊ वर्षांचा असताना ही नेमणूक तुम्हीच केली आहे.

हे सगळं मी बोलले की तुमच्याकडून तीन कारणं येतात. तिन्ही तपासू.

पहिलं कारण: ‘बाई, जमाना वाईट आहे.’ तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पेपरात काय येतं ते मीही वाचते. पण भीती खरी असेल तर ती योग्य दिशेला वळवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच गोष्ट दाखवतात: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, घरी येणारा-जाणारा, कामाच्या किंवा शिकण्याच्या ठिकाणचा माणूस. तुम्ही दार लावून घेता तेव्हा धोका बाहेर राहिला अशी समजूत करून घेता. तो पुष्कळदा आत बसून चहा पीत असतो.

शिवाय, 2007 साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं 13 राज्यांतल्या मुलांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. त्यात 53 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं, आणि अशा मुलांमध्ये मुलग्यांचा वाटा निम्म्याहून किंचित जास्तच होता. बहुतेक मुलांनी ते कुणापाशीही बोलून दाखवलेलं नव्हतं. 2012 चा पोक्सो कायदाही मुलगा आणि मुलगी असा भेद करत नाही. तुम्ही मात्र करता. मुलीला तुम्ही घाबरवून ठेवलं आहे आणि मुलाला काहीच सांगितलेलं नाही. कुणी नको तिथं हात लावला तर ओरडायचं, पळायचं, घरी येऊन सांगायचं, यात तुझी चूक नाही, एवढं बोलणं तुमच्यापैकी किती जणांचं आपल्या मुलाशी झालं आहे? ‘मुलाला काय होतंय’ असं म्हणून तुम्ही त्याला ज्या बेफिकिरीनं सोडून देता, तिचा फटका त्यालाच बसतो, आणि तो बोलू शकत नाही, कारण मुलग्यांना असं काही होत नसतं हे त्यानं तुमच्याच तोंडून ऐकलेलं असतं.

दुसरं कारण: ‘रस्त्यावर गाड्या किती, काही होऊन बसलं तर?’ ही भीती मला पूर्ण मान्य आहे. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजारांहून अधिक माणसं मेली, आणि त्यात दहापैकी आठांहून अधिक पुरुष होते. मग गाड्यांच्या भीतीनं कुणाला आवरायला हवं? मुलाला. पण त्याला तुम्ही सातवीत सायकल देता आणि नववीत परवाना नसताना स्कूटरची किल्ली देता. त्याच रस्त्यावरच्या त्याच गाड्या मुलीच्या वेळी मात्र तुम्हाला एकदम आठवतात.

शिवाय या गाड्या आणल्या कुणी? ब्रिटनमध्ये मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. तिथली सात-आठ वर्षांची 80 टक्के मुलं 1971 साली शाळेत आपापली जात होती. 1990 साली तशी मुलं 9 टक्के उरली. मुलांना एकटं न सोडण्याचं मोठं कारण पालकांनी रहदारी हेच सांगितलं, आणि एकटं जायची मुभा मुलींना मुलग्यांपेक्षा कमी होती. रहदारीला भिऊन मुलाला गाडीत घालायचं, त्या गाडीनं रहदारी वाढवायची, आणि मग दुसऱ्याच्या मुलानं भ्यायचं. आपल्या शाळेच्या फाटकासमोर सकाळी आणि दुपारी जी कोंडी होते ती पाहा. तिथं ट्रक नसतात, तुमच्याच स्कूटर आणि मोटारी असतात. मुलांना शाळेसमोर रस्ता ओलांडताना जो धोका आहे तो मुख्यतः पालकांनी उभा केलेला आहे.

तिसरं कारण तुम्ही मोठ्यानं सांगत नाही. खरं कारण तेच आहे. ‘लोक काय म्हणतील.’ मुलगी कट्ट्यावर बसलेली दिसली, चौकात मैत्रिणीशी हसताना दिसली, संध्याकाळी विनाकारण फिरताना दिसली, तर चार लोक बोलतील, नातेवाइकांच्या कानावर जाईल, उद्या स्थळं बघताना अडेल. ‘मुलीची जात म्हणजे काचेचं भांडं’ हे वाक्य तुमच्या आजीनं म्हटलं, आईनं म्हटलं, आणि आता तुम्ही शब्द बदलून तेच म्हणता. ‘सातच्या आत घरात’ हा नियम जर सुरक्षिततेचा असता तर तो मुलालाही लागला असता. तो अब्रूचा नियम आहे आणि अब्रूचं सगळं ओझं तुम्ही एका बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवलं आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईत संशोधन करून 2011 साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. बाईनं बाहेर असायचं तर तिच्यापाशी काहीतरी काम हवं, कारण हवं, ही अपेक्षा मुंबईसारख्या शहरातही तिचा पाठलाग करते, हे त्यांनी दाखवून दिलं. ही सवय तिला लागते कुठं? तुमच्या उंबऱ्यावर. ‘कशाला चाललीस?’ या प्रश्नाला ‘सहज’ हे उत्तर मुलानं दिलेलं चालतं, मुलीनं दिलेलं चालत नाही.

मुलगी गणितात कच्ची निघाली तर तुम्ही तिचं गणित बंद करत नाही, शिकवणी लावता. रस्त्याच्या बाबतीत मात्र भीती वाटली की रस्ताच बंद. मग ती तो शिकणार कधी? रस्ता ओलांडताना कुठं बघायचं, कुणी मागून येतंय असं वाटलं तर कोणत्या दुकानात शिरायचं, बस चुकली तर काय करायचं, वाट चुकली तर कुणाला विचारायचं, हे पुस्तकात नसतं. हे पायांनी शिकायचं असतं आणि लहान वयात शिकायचं असतं, जेव्हा चुका छोट्या असतात आणि घर दोन गल्ल्यांवर असतं. अठराव्या वर्षी वसतिगृहात पाठवताना तुम्ही तिच्याकडून जे शहाणपण अपेक्षिता त्याची तयारी बाराव्या वर्षी व्हायला हवी होती.

याचा हिशेब पुढं फार महाग पडतो. दहावीला उत्तम मार्क मिळवलेली मुलगी अकरावीला लांबचं, पण तिला हवं असलेलं कॉलेज सोडून घराजवळचं घेते, कारण ‘दोन बस बदलायला नकोत’. गिरिजा बोरकर या अर्थतज्ज्ञांनी दिल्ली विद्यापीठातल्या विद्यार्थिनींचा अभ्यास केला तेव्हा हेच चित्र दिसलं: येण्याजाण्याचा रस्ता सुरक्षित वाटावा म्हणून मुली आपल्या गुणांना मिळू शकत होतं त्यापेक्षा कमी दर्जाचं कॉलेज पत्करत होत्या. आणखी पुढं जा. 2019 साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तिच्यातले शहरी आकडे आयआयटी दिल्लीच्या राहुल गोयल यांनी तपासले. पाहणीच्या दिवशी घराबाहेर पाऊलही न टाकलेल्या बायका निघाल्या 53 टक्के, आणि पुरुष 14 टक्के. शहरातल्या निम्म्याहून अधिक बायका दिवसभरात एकदाही घराबाहेर पडत नाहीत. हे लग्नानंतर अचानक घडत नाही. त्याची सुरुवात सहावीतल्या त्या रिकाम्या कागदापासून होते.

काही जणी मनात म्हणत असतील, आमच्या मुली तर फिरतात. होय, वस्तीतल्या काही मुली फिरतात. त्यांच्या कागदावर जागा जास्त असतात हे मी पाहिलं आहे. पण त्या जागा कोणत्या? पाण्याचा नळ, रेशनचं दुकान, गिरणी, धाकट्याची बालवाडी, आई धुणीभांडी करते त्या इमारती. मुलगी बाहेर आहे, पण कामाला जुंपलेली आहे. तिचा भाऊ त्याच वेळी मैदानात असतो. अंतर तीही चालते, पण तिच्या चालण्यात एक मिनिटही तिचं स्वतःचं नसतं. मोठ्या सोसायटीतली मुलगी फाटकाच्या आत कोंडलेली आणि वस्तीतली मुलगी कामाच्या वाटेला बांधलेली. दोघींना मैदान मिळत नाही, हे दोघींचं सारखं आहे. संध्याकाळी कोणत्याही मैदानावर जाऊन उभं राहा. क्रिकेटचे डाव एकमेकांत घुसलेले असतात, सगळे मुलग्यांचे, आणि मुली असल्याच तर कडेला बाकावर, नाहीतर कुणाचं तरी लेकरू सांभाळत.

आता मुलग्यांच्या आई-बापांनी कान उघडे ठेवून ऐकावं. मुलीला रस्त्यावर त्रास होतो म्हणता, तो त्रास देतं कोण? चौकात घोळका करून शेरे मारणारा, सायकलवरून जाणाऱ्या मुलीला कट मारणारा, क्लास सुटायच्या वेळी मुद्दाम तिथं उभा राहणारा मुलगा आकाशातून पडलेला नाही. तो कुणाच्या तरी घरी रात्री जेवायला जातो. त्याला कुणी विचारलेलं नाही की तू कुठं होतास आणि कुणाबरोबर होतास. मुलीला विचारलेल्या चार प्रश्नांपैकी दोन जरी मुलाला विचारले असते तरी अर्ध्या चौकांचं चित्र बदललं असतं.

पुण्यात राहून तरी तुम्हाला हे वेगळं सांगायला लागू नये. 1848 साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सतरा वर्षांच्या सावित्रीबाई तिथं शिकवायला पायी जात. वाटेत लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल फेकत, शिव्या देत. त्या जास्तीचं लुगडं बरोबर नेत, शाळेत पोचल्यावर बदलत आणि शिकवत. आपण दरवर्षी 3 जानेवारीला भाषणं करून मुलींना ही गोष्ट सांगतो. पण तेव्हाही समाजानं जाब विचारला तो रस्त्यानं चालणाऱ्या बाईला, आणि आजही आपण जाब चालणाऱ्या मुलीलाच विचारतो. सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालायचा आणि घरी जाऊन मुलीला सांगायचं, त्या रस्त्यानं पोरं उभी असतात, तू जाऊ नकोस. हे चालणार नाही. पोरांना तिथून उठवा.

आणि एक गोष्ट समजून घ्या. मुलगी घरात ठेवून तुम्ही फक्त तिचंच नुकसान करत नाही. जेन जेकब्स यांनी 1961 साली अमेरिकेतल्या शहरांविषयी लिहिताना हेच मांडलं की रस्त्यावर माणसांचा राबता असतो, दुकानं उघडी असतात, कुणी ना कुणी बघत असतं, तेव्हा रस्ता सुरक्षित राहतो. तुम्ही तुमची मुलगी काढून घेतली, शेजारणीनं तिची काढून घेतली, की उरलेली एकटी मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांवर येते. मग तिचे आईबापही घाबरतात. दहा मुली एका रस्त्यानं चालू लागल्या की तोच रस्ता त्यांचा होतो. तुमची मुलगी घरात बसल्यानं दुसऱ्याच्या मुलीचा रस्ता जास्त धोक्याचा होतो, हे लक्षात ठेवा.

‘हे असंच चालत आलंय, बदलणार नाही’ असं मला कुणी सांगू नये. बिहार सरकारनं 2006 साली नववीत गेलेल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा परिणाम मोजला: त्या वयाच्या मुलींचं माध्यमिक शाळेतलं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातलं अंतर 40 टक्क्यांनी घटलं. मुली गटानं सायकलवरून शाळेत जाताना रोज दिसू लागल्या, आणि जे गावाला अशक्य वाटत होतं ते नेहमीचं झालं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात 1990 च्या दशकात लक्षात आलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून गायबच होतात, मुलगे मात्र येत राहतात. मुलींना खेळायचं नसतं असा निष्कर्ष तिथल्या महापालिकेनं काढला नाही. 1999 साली तिनं दोन बागांची रचना बदलली. एकाच मोठ्या मोकळ्या जागेचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, वाटा वाढवल्या. मुली परत आल्या. जे बिहारनं आणि व्हिएन्नानं केलं त्यात चमत्कार काही नाही. त्यांनी मुलीला दोष देणं थांबवलं आणि सोय केली.

आयांनो, तुमच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. तुमच्यापैकी बहुतेकींना त्या वयात रस्त्यावर कुणीतरी काहीतरी केलेलं आहे आणि ते तुम्ही कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या ‘नको’मागं ते आहे, हे मी जाणते. पण तुम्ही गप्प राहिलात म्हणून तुमची मुलगी सुरक्षित होत नाही. तिला सांगा. काय झालं, तुम्ही काय केलं, आज असतात तर काय केलं असतं, हे तिच्याशी मोकळेपणानं बोला. घरी काही सांगितलं तर आपलं बाहेर जाणं बंद होईल, ही भीती ज्या मुलीला असते ती घरी काहीच सांगत नाही. म्हणून पहिलं वचन तुम्ही तिला द्या: तू खरं सांगितलंस तर तुझं फिरणं मी बंद करणार नाही, आपण दोघी मिळून मार्ग काढू.

वडिलांनो, मुलीला रोज स्कूटरवरून सोडणं यात तुमची माया आहे, मी ती कमी लेखत नाही. पण ती माया आता तिच्या शेजारून चालण्यात दाखवा. आठवडाभर तिच्याबरोबर शाळेची वाट चाला, ती पुढं आणि तुम्ही मागं. वळण तिला घेऊ द्या, रस्ता कधी ओलांडायचा ते तिला ठरवू द्या. मग अर्ध्या वाटेपर्यंत जा. मग सोसायटीच्या फाटकापर्यंत. मग तिला जाऊ द्या.

आणि आता सगळ्यांनी करायची कामं. घरात एकच नियम ठेवा, आणि तो वयावर आणि समजेवर ठरवा. जो प्रश्न मुलीला विचाराल तोच मुलाला विचारा. परतायची वेळ दोघांना एकच असू द्या. दूध, भाजी, औषध आणायला आळीपाळीनं दोघांना पाठवा, आणि धाकट्याला सांभाळायचं कामही आळीपाळीनं द्या. मुलीची सायकल जिन्याखालून काढा, हवा भरा. एका इमारतीतली, एका गल्लीतली मुलं-मुली मिळून चालत शाळेत येतील असं आपसांत ठरवा. सातवीपर्यंत मुलीला पीएमपीनं एकटीला स्वारगेटला जाऊन परत येता आलं पाहिजे. दोघांनाही घरचा पत्ता, दोन फोन नंबर आणि मुलांच्या मदतीचा 1098 पाठ असला पाहिजे. रस्त्यावरचा दिवा बंद असेल, पदपथ टपऱ्यांनी अडवला असेल, तर तक्रार करा, नगरसेवकाच्या कार्यालयात जाऊन बसा. मुलीला घरात ठेवायला तुमच्याकडे वेळ आहे, तर दिव्यासाठीही काढा. शाळेनंही मैदानावर मुलींची वेळ राखून ठेवली पाहिजे, आणि ते मी शाळेकडून करून घेईन. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर तासन्तास भांडता, तिथं एकदा मुलींच्या खेळण्याच्या जागेचा विषय काढा.

पुढच्या सत्रात मी मुलांना पुन्हा कागद देणार आहे. तुम्हाला मुलीच्या प्रगतिपुस्तकात गणिताचे, विज्ञानाचे मार्क बघायची घाई असते. यंदा तिला स्वतःच्या पायांनी किती वाटा पाठ झाल्या आहेत हे आधी बघा. त्या वाटा कमी असतील तर नापास ती झालेली नाही, तुम्ही झाला आहात. येत्या सोमवारी तिला एकटीला चौकापर्यंत पाठवा, आणि तिच्या भावाला विचारा, तू कुठं चाललास.